दहावीचा निकाल आणि आपण आईवडील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बावीस वर्षं दहावीच्या वर्गाला गणित शिकवते आहे, आणि मधल्या एका वर्षी माझा स्वतःचा मुलगाही दहावीला होता. खालचे प्रश्न मला दर मे-जूनमध्ये शाळेच्या व्हरांड्यात, फोनवर, कधी भाजी घेताना विचारले जातात. मुलं फारसं विचारत नाहीत. विचारतात ते आईवडील, आणि बहुतेक वेळा मूल दोन पावलं मागे उभं राहून आपली उत्तरं ऐकत असतं. म्हणून ही उत्तरं आईवडिलांसाठी आहेत.

निकाल कोणी पाहायचा? आम्ही आधी पाहून मग मुलाला सांगितलं तर?

मुलाने पाहायचा. राज्य मंडळाचा निकाल अलीकडे दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो. तिथे बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकावं लागतं. सव्वाएकपर्यंत संकेतस्थळ अडकतं, पान गोल-गोल फिरत राहतं आणि घरातले चारजण चार मोबाइलवर एकच क्रमांक टाकत बसतात. या गर्दीत निकाल नेमका काकाच्या फोनवर आधी उघडतो आणि काका मोठ्याने टक्के वाचून दाखवतो. मुलाला स्वतःचा निकाल दुसऱ्याच्या तोंडून कळतो, आणि तोही सगळ्यांसमोर. पुढे कितीतरी वर्षं मुलं ही गोष्ट विसरत नाहीत, हे मी मोठ्या झालेल्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे.

आदल्या रात्रीच ठरवून टाका. बैठक क्रमांकाची चिठ्ठी मुलाकडे, फोन मुलाच्या हातात. तुम्ही शेजारी बसायचं की बाहेरच्या खोलीत थांबायचं, हे त्यालाच विचारा. "तू एकटीच बघ, मग हाक मार" असं म्हटल्यावर एका मुलीच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं, असं तिच्या आईने मला सांगितलं. तिला ७४ टक्के होते. तिने दहा मिनिटांनी हाक मारली, तोवर तिचं रडून झालं होतं आणि ती बोलायला तयार होती.

टक्के अपेक्षेपेक्षा खूप कमी आले. पहिलं वाक्य काय बोलू?

काय बोलू नये ते आधी सांगते, कारण ते मी केलं आहे. माझ्या मुलाने निकालाचं पान माझ्यासमोर धरलं आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गणितात किती?" ६१ होते. गणिताच्या बाईंच्या मुलाला ६१. तो काहीच बोलला नाही, फोन माझ्या हातात ठेवून आत गेला. मराठीत त्याला ८८ होते, ते मी संध्याकाळी पाहिलं. आज तो नोकरीला आहे, आमचं छान चाललं आहे, पण तो प्रश्न मला परत घेता आलेला नाही.

म्हणून सांगते, पहिलं वाक्य आकड्याबद्दल नको. "जेवलास का?" चालेल. "चल, जरा बाहेर जाऊन येऊ" चालेल. काही न बोलता जवळ बसलात तर उत्तमच. "तरी मी सांगत होते", "क्लासची एवढी फी भरली", "शेजारच्या अमक्याला बघ" ही तीन वाक्यं त्या दिवशी तोंडात येणारच. ती गिळा. ती कदाचित खरीही असतील, पण त्या दिवशी त्यांचा उपयोग शून्य आहे. पेपर तीन महिन्यांपूर्वी झालेत.

आणि "काही हरकत नाही, मार्कांना काय किंमत आहे!" असंही लगेच म्हणू नका. वर्षभर मार्क मार्क करणाऱ्या घराने एका दुपारीत सूर बदलला की मुलाला ते खोटं वाटतं. त्याला वाईट वाटतंय तर वाटू द्या. "मलाही वाटलं होतं जास्त येतील. तुला कसं वाटतंय?" एवढं सरळ बोललेलं मुलांना कळतं.

चुका कुठे झाल्या हे बोलायचंच आहे, पण चार-पाच दिवसांनी, आणि तेव्हाही पुढचं ठरवायला लागेल तेवढंच.

नातेवाइकांचे फोन सुरू झालेत. काय सांगू?

टक्के सांगायचे की नाही हे मुलाला विचारा आणि तेच सांगा. "पास झाली, पुढचं बघतोय, कळवतो" हे पूर्ण उत्तर आहे. फोन मुलाच्या हातात देऊन "घे, मावशीशी बोल" असं करू नका. आणि निकालाचा स्क्रीनशॉट कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी परवानगी घ्या, टक्के चांगले असले तरीही.

मूल रडत नाही, बोलत नाही, खोलीचं दार लावून बसलंय. काळजी कधी करायची?

एक-दोन दिवस गप्प राहणं, जेवण कमी होणं, मित्रांचे फोन न घेणं हे समजण्यासारखं आहे. दार लोटलेलं असू द्या, कडी नको, इतकं प्रेमाने सांगा आणि तासा-दोन तासांनी काहीतरी निमित्त काढून आत डोकावा.

पण "मी तुम्हाला ओझं आहे", "मी नसतो तर बरं झालं असतं" अशी भाषा आली, आवडत्या वस्तू कुणाला देऊन टाकल्या, रात्र-रात्र झोप नाही, किंवा स्वतःला इजा केल्याचं दिसलं, तर वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका. थेट विचारा, "जीव द्यावा असं मनात येतंय का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, ही भीती चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं याने मूल मोकळं होतं. घरातली औषधं, कीटकनाशकं वगैरे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा. शेतकरी घरांत हे विशेष लक्षात ठेवा, कारण तिथे फवारणीचं औषध ओसरीतच असतं. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे. हे क्रमांक पालकांनीही लावायचे असतात. आपण घाबरलेले असताना काय करायचं हे विचारायला कुणीतरी हवंच. आणि धोका समोर दिसत असेल तर फोनवर थांबू नका, जवळच्या रुग्णालयात न्या.

एका विषयात राहिली. वर्ष वाया गेलं का?

नाही. हे उत्तर मी दरवर्षी सगळ्यात जास्त वेळा देते आणि दरवर्षी समोरच्या आईचा चेहरा सैल होताना बघते.

पास व्हायला ३५ टक्के लागतात. मार्च परीक्षेत राहिलेल्या विषयांसाठी त्याच वर्षी जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते. पूर्वी ही परीक्षा ऑक्टोबरमध्ये असायची आणि तोवर प्रवेश संपलेले असायचे, त्यामुळे "ऑक्टोबरला बसला" म्हणजे वर्ष गेलं हे आपल्या पिढीच्या डोक्यात पक्कं आहे. आता तसं नाही. पास झालेल्या विषयांचे गुण कायम राहतात, फक्त राहिलेला विषय द्यायचा. अर्ज शाळेमार्फत भरायचा असतो आणि मुदत थोडी असते, म्हणून निकालानंतर दोन-तीन दिवसांत शाळेत जाच. लाजेपायी मूल जात नसेल तर तुम्ही जा. इथे माझा अनुभव असा की मुदत चुकणाऱ्यांतली बरीच मुलं अभ्यासात अगदीच कच्ची नसतात. घरातलं वातावरण इतकं तापलेलं असतं की आठ दिवस शाळेचं नावच कुणी काढत नाही.

दुसरी सोय एटीकेटीची. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर अकरावीला प्रवेश घेता येतो. हे प्रवेश सहसा नियमित फेऱ्या झाल्यावर होतात. मात्र अकरावीचं वर्ष संपेपर्यंत राहिलेला विषय सोडवावा लागतो, नाहीतर बारावीचा रस्ता अडतो. म्हणून "आता एटीकेटी आहे, बघू मार्चला" असं न करता जुलैतच विषय काढून टाकलेला बरा. अकरावीचा अभ्यास सुरू झाल्यावर दहावीच्या भूमितीकडे वळणं फार जड जातं.

आता अभ्यासाचं. गणितात राहिलेल्या मुलाला पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करायला लावू नका. हातात पाच-सहा आठवडे असतात. मी अशा मुलांना आधी मागच्या प्रश्नपत्रिका देते आणि ज्यात त्यांना थोडंफार जमतं ते प्रकार पक्के करून घेते: वर्गसमीकरणं, सांख्यिकी, पायथागोरस, महत्त्वमापन. एक मुलगा आठवतो, दुपारी वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून दिवसाला आठच गणितं सोडवायचा. चुकली की खोडायचा नाही, खाली दुसऱ्या शाईने पुन्हा सोडवायचा. त्याची वही महिन्याच्या शेवटी दोन रंगांची झाली होती. जुलैत त्याला ५२ मिळाले. त्याच्या वडिलांनी त्या महिन्यात एकच काम केलं: रोज दुपारी त्याला सायकलवर सोडलं, संध्याकाळी घ्यायला आले, आणि वाटेत अभ्यासाचं काही विचारलं नाही.

तीन किंवा जास्त विषय राहिले तरी पुरवणीला बसता येतं. शाळा सोडलेल्या मुलांना १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देता येते.

गुण चुकीचे वाटतात. पेपर पुन्हा तपासून घ्यावा का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, इतकंच पाहिलं जातं. पुनर्मूल्यांकनात उत्तरं पुन्हा तपासली जातात, पण त्याआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावीच लागते. सगळं ऑनलाइन, दर विषयाला वेगळं शुल्क, आणि मुदत निकालानंतर साधारण पंधरवड्याची.

माझा सल्ला: आधी छायाप्रत मागवा आणि ती विषयाच्या शिक्षकांना दाखवा. एका मुलीला विज्ञानात "नक्की वीसेक गुण कमी दिलेत" अशी खात्री होती. छायाप्रत आली. आम्ही दोघी टेबलावर पानं पसरून बसलो. तिने स्वतःच तिसऱ्या पानावर बोट ठेवलं, प्रश्न नीट न वाचता "कारणे द्या"चं उत्तर व्याख्येसारखं लिहिलं होतं. गुण वाढण्यासारखे नव्हते, पण तिचा संशय गेला आणि ती पुढच्या कामाला लागली. कधी कधी गुण खरोखर वाढतातही. फक्त प्रवेशाची फेरी त्यासाठी थांबवून ठेवू नका.

पास झाला पण टक्के फारच कमी. पुन्हा परीक्षा देता येते का?

येते, त्याला श्रेणीसुधार म्हणतात. पण अकरावीचं वर्ष सुरू ठेवून हे करणं दमवणारं आहे. मुलाची स्वतःची इच्छा असेल तरच. आपल्या समाधानासाठी नको.

विज्ञान शाखाच घ्यावी ना? त्याने सगळे दरवाजे उघडे राहतात म्हणे.

दरवाजे उघडे राहतात हे कागदावर खरं आहे. विज्ञानातून बारावी केलेला कला किंवा वाणिज्याकडे जाऊ शकतो, उलटं होत नाही. पण ज्या मुलाला भौतिकशास्त्र नकोसं आहे, तो दोन वर्षं त्या उघड्या दरवाज्याच्या उंबऱ्यावर बसून राहतो, बारावीला कसेबसे ४५ टक्के घेतो आणि मग ज्या दारातून त्याला जायचं होतं तिथेही मागे पडतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की याबद्दल मी शांतपणे बोलू शकत नाही.

दहावीचे टक्के शाखा ठरवायला फार कच्चा आधार आहे. राज्य मंडळात सहा विषयांपैकी उत्तम पाच धरले जातात, ६०० ऐवजी ५०० वर टक्के निघतात, त्यात अंतर्गत गुण आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण मिळतात. त्यामुळे ८५ टक्के पडलेल्या मुलाचं गणित खरंच कसं आहे, हे एकूण टक्क्यांवरून कळत नाही. विषयवार गुण पाहा, आणि त्याहून जास्त, मूल कशावर आपणहून वेळ घालवतं ते पाहा.

काही गोष्टी मात्र आधीच माहीत हव्यात. अभियांत्रिकी किंवा आर्किटेक्चर मनात असेल तर अकरावीत गणित सोडू नका. वैद्यकीयसाठी जीवशास्त्र हवं आणि "नीट" ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सीए व्हायला विज्ञान लागत नाही. वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम कुठल्याही शाखेच्या बारावीनंतर करता येतो. स्पर्धा परीक्षांना कुठलीही पदवी चालते, आणि त्या परीक्षांचा मोठा भाग इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्राचा असतो, म्हणजे नेमका कला शाखेचा. "आर्ट्स म्हणजे कमी मार्कांचं" हे वाक्य मुलांसमोर बोलणं आता थांबवायला हवं.

डिप्लोमा किंवा आयटीआय म्हणजे मागे पडणं नाही का?

दहावीनंतरचा डिप्लोमा तीन वर्षांचा. प्रवेश दहावीच्या गुणांवर, आणि नंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ज्या मुलाला यंत्रं उघडून बघायला आवडतं आणि पाठांतराचा कंटाळा आहे, त्याला हा रस्ता बारावीच्या रस्त्यापेक्षा कितीतरी सरळ जातो.

आयटीआयमध्ये वेल्डरसारखा ट्रेड एक वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. काही ट्रेडना दहावी नापासही चालतो. पुढे शिकाऊ उमेदवारी करता येते, आणि दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. मुलाला घेऊन एकदा जवळच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाऊन या. लेथवर काम करणारी मुलं बघितल्यावर त्याचा चेहरा काय सांगतो ते बघा.

अकरावीचा पसंतीक्रम कसा भरायचा? तिला मैत्रिणीबरोबर एकाच कॉलेजात जायचंय.

२०२५ पासून अकरावीची प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाली. आधी ती काही मोठ्या शहरांपुरतीच होती. अर्जात दहापर्यंत कॉलेजं पसंतीने लावता येतात. पालक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे: पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच टाका जिथे खरंच जायचं आहे. मागच्या वर्षीचा कटऑफ बघून काही कॉलेजं वरची, बरीचशी आवाक्यातली आणि एक-दोन नक्की मिळणारी अशी यादी करा. रोजचा प्रवास किती, हेही मोजा. दीड तास जाऊन दीड तास येणाऱ्या मुलीचा अभ्यास बसमध्येच संपतो.

मैत्रिणीचं म्हणाल तर हसण्यावारी नेऊ नका. नव्या जागी एक ओळखीचा चेहरा असणं ही खरी मदत आहे. दोन कॉलेजं सारखीच असतील तर मैत्रीण आहे तिथे जाऊ द्या. शाखा मात्र मैत्रिणीवरून ठरवू देऊ नका.

जातीचा दाखला, नॉन-क्रिमी लेअर, उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर निकालाची वाट न बघता एप्रिलमध्येच सेतू केंद्रात अर्ज करा. जूनमध्ये तिथे रांगा लागतात.

मराठी माध्यमातून विज्ञानाला गेली आणि म्हणते काही कळत नाही.

पहिले तीन महिने हे होतंच. तिला भौतिकशास्त्र येत नाही असं नाही. "त्वरण" येतं, "ॲक्सलरेशन" ओळखीचं नाही. एक छोटी वही करायला सांगा, डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी. रोज दहा. दिवाळीपर्यंत फरक दिसतो. तोवर चाचणीचे गुण कमी आले तर शाखा बदलायची घाई नको.

९४ टक्के मिळाले तरी ती नाराज आहे. काय करू?

तिच्या मैत्रिणीला ९७ असतील. तिला "वेडी आहेस का" म्हणू नका. तिचं दुःख तिच्यासाठी खरं आहे. पण घरात हा आकडा किती वेळा उच्चारला गेला, याकडेही जरा वळून पाहा. पेढे वाटा, आणि वाटताना "हिने खूप कष्ट केले" म्हणा, टक्के नंतर.

आम्हा नवराबायकोचंच पटत नाही. तो म्हणतो सायन्स, मी म्हणते नको.

मुलासमोर भांडू नका. दोघांनी आधी आपापसात बोला, मग मुलाला विचारा, आणि त्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत दोघांनीही मध्ये बोलायचं नाही. बऱ्याचदा मुलाचं तिसरंच काहीतरी असतं.

मूळ गुणपत्रिका मिळाल्यावर काय बघायचं?

ती ऑनलाइन निकालानंतर काही दिवसांनी शाळेतून मिळते. तिथेच, शाळेच्या आवारात उभं राहून नाव आणि आईचं नाव अक्षर न् अक्षर तपासा. आधार कार्डावरचं स्पेलिंग वेगळं असेल तर आताच शाळेला सांगा, पुढे पासपोर्टच्या वेळी धावपळ होते. लॅमिनेशन करू नका. डिजिलॉकरवर प्रत असते ती उतरवून ठेवा, चार झेरॉक्स काढा, आणि मूळ कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून मुलाच्याच हातात द्या. त्याच्या कपाटात, त्याने ठरवलेल्या जागी राहू द्या.